चोडण बेटावरचा एक दिवस

वाचकहो, सहल हा शब्द आपल्या घरांत तसा उशिरानेच आला. आपल्या आईवडिलांनी प्रवास केला नाही असे नाही, पुष्कळ केला. पण तो कामासाठी केला, नाही तर लग्नासाठी आणि मयतीसाठी. वर्षातून एकदा चैत्यभूमीला किंवा दीक्षाभूमीला जाणे झाले, तर तेवढेच. नुसते पाहण्यासाठी, कोणतेही काम मनात न ठेवता घराबाहेर पडायचे, ही गोष्ट आमच्या मायला वयाच्या बहात्तराव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हती. म्हणून दिवाळीच्या सुटीत आम्ही गोव्याला जायचे ठरवले, तेव्हा तिने पहिला प्रश्न हाच केला, "इतला दूर कसाले? पानी का आपला गावमा नई शे?"

या प्रश्नाचे उत्तर तेव्हा आम्हांला देता आले नाही. ते कुठे सापडले ते पुढे सांगू.

गाडी भाच्याची. चाळीसगावात शाळेची मुले ने-आण करण्यासाठी त्याने बँकेचे कर्ज काढून जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली आहे. सुटीत शाळा बंद, गाडी दारात उभी. त्याने मधल्या दोन ओळींची बाके काढली, फळ्या टाकल्या, वर गाद्या अंथरल्या. मागच्या बाजूला पाण्याचे दोन ड्रम, छोटी शेगडी, पिठाचा डबा, घोंगड्या. परराज्यात जायचे म्हणून गाडीचे कागद, परवाना आणि कर यांची व्यवस्था आधीच करून घेतली. श्रीमंत लोक अशा फिरत्या घराला कॅराव्हॅन म्हणतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली तिच्या पर्यटनासाठी खास धोरणही केले. आमची गाडी त्या धोरणात बसणारी नव्हती, पण आम्ही सहाजण तिच्यात नीट बसलो. आम्ही, मुलांची आई, दोन मुले, माय आणि चाकावर भाचा.

चाळीसगाव सोडताना स्टेशनाजवळ भाच्याने गाडी हळू केली. आमच्या घरात हे ठिकाण मुलांना दाखवायची रीत आहे. १९२९ साली बाबासाहेब सरकारी समितीचे सदस्य म्हणून खानदेशात आले होते. परत जाताना इथल्या आपल्या लोकांनी एक रात्र तरी राहा म्हणून आग्रह केला. ते उतरले, पण त्यांना वस्तीपर्यंत न्यायला एकही टांगेवाला तयार होईना. शेवटी टांगा मिळाला, पण टांगेवाला मिळाला नाही. वस्तीतलाच एकजण हाकायला बसला. त्या बिचाऱ्याने कधी लगाम हातात धरला नव्हता. नदीवरच्या फरशीवर चाक दगडांत अडकले, बाबासाहेब बाहेर फेकले गेले आणि त्यांच्या पायाचे हाड मोडले. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. आज आमचा भाचा परवान्यासह, कमाईची गाडी चालवतो. धाकटीने विचारले, "दादा, तुला नीट चालवता येते ना?" तो हसला आणि म्हणाला, "म्हणूनच शिकलो."

नांदगाव, मनमाड, येवला, कोपरगाव असे करत गाडी पुढे निघाली. कोपरगावच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस सुरू झाला आणि माय खिडकीशी सरकून बसली. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग आमच्या खांद्याला हात लावून म्हणाली, "आठेच तुन्हा जलम व्हयना." आमचा जन्म उसाच्या फडावरचा, हे आम्हांला माहीत होते. कुठला फड, ते तिने कधी सांगितले नव्हते. त्या काळी ती आणि आमचे वडील दरवर्षी दिवाळीनंतर बैलगाडीवर बिऱ्हाड घालून ऊसतोडीला निघत. गाडीतच स्वयंपाकाची भांडी, गाडीखालीच निजायचे. म्हणजे गाडीत राहण्याची जी मौज आमच्या मुलांना वाटत होती, ती मायने कितीतरी हंगाम भोगलेली. फरक एवढाच, की यंदा पहाटे तीनला उठून कोयता घ्यायचा नव्हता.

पुणे, सातारा, कराड, कोल्हापूर, मग आजरा, आंबोली घाट, सावंतवाडी. हा प्रवास आठशे किलोमीटरच्या आसपास आहे. आम्ही तो दोन मुक्कामांत केला. रात्री ढाब्यावर चहा-भाजी घ्यायची, मालकाला विचारून अंगणाच्या कडेला गाडी लावायची आणि आत निजायचे. एका ठिकाणी मालकाने नाव-गाव विचारले, मग आडनाव विचारले, मग जागा नाही म्हणाला. आम्ही वाद घातला नाही. पुढच्या ढाब्यावर एका बाईने आपणहून पाण्याचा नळ दाखवला. दोन्ही प्रकारची माणसे रस्त्यावर भेटतात. मुलांनी दोन्ही पाहिली, तेही बरेच झाले.

आता बेटाकडे येऊ. पणजीहून जुन्या गोव्याकडे जाताना मांडवी नदीच्या काठी रायबंदर लागते. तिथून फेरीबोटीने काही मिनिटांत समोरच्या तीरावर जाता येते. तो तीर म्हणजे चोडण बेट. बेटाच्या पश्चिम टोकाला डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. १९८८ साली ते घोषित झाले. क्षेत्र अवघे १७८ हेक्टर, म्हणजे पावणेदोन चौरस किलोमीटरच्या थोडे वर. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

फेरीबोट म्हणजे सपाट तळाचा मोठा तराफाच. तिची पुढची फळी धक्क्यावर पडते, तिच्यावरून दुचाक्या, मोटारी आणि माणसे आत जातात. आमची गाडी पाण्यावर चढू लागली तशी मायने दोन्ही हातांनी समोरचा दांडा धरला. बोट सुटली, पण धक्का बसला नाही, आवाजही फारसा नाही. पाण्याकडे बघत ती म्हणाली, "चाक फिरत नाही आणि गाडी चालली."

ज्यांच्या नावाने हे अभयारण्य आहे, त्या सलीम अलींची गोष्ट मुलांना सांगण्यासारखी आहे. त्यांचा जन्म १८९६ चा. आईवडील लहानपणीच गेले, मामांनी वाढवले. दहा-अकरा वर्षांचे असताना त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हे विचारायला ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि त्या एका प्रश्नातून पक्ष्यांचा नाद लागला तो आयुष्यभर पुरला. पदवीअभावी त्यांना पक्षिशास्त्रज्ञाची नोकरी मिळाली नाही. हाताला काम नसताना कोकणात किहीमला राहून त्यांनी सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला. पुढे १९४१ साली भारतीय पक्ष्यांवर पुस्तक लिहिले. १९८७ साली ते वारले. ही गोष्ट ऐकून आमच्या मोठ्याने विचारले, "म्हणजे नुसते विचारायला गेले म्हणून एवढे झाले?" आम्ही म्हणालो, विचारायला गेले आणि तिथल्यांनी हाकलले नाही, म्हणून झाले.

फाटकावर तिकिटे काढली. होडीतून फिरायचे असे मुलांच्या मनात होते, पण होडीवाल्याने मान हलवली. ओहोटी होती, आतल्या ओहोळांत पाणी नव्हते, दुपारी भरती चढली की या म्हणाला. मुले हिरमुसली. आपल्याकडच्या माणसाला हे नवीनच. तापी-गिरणेला पूर येतो तो पावसाळ्यात. इथली नदी दिवसातून दोनदा भरते आणि दोनदा ओसरते, कारण समुद्र जवळ आहे आणि चंद्र-सूर्याच्या ओढीने समुद्राचे पाणी वर-खाली होते. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत साधारण साडेबारा तास जातात. म्हणून जाण्याआधी भरतीची वेळ विचारून घ्यावी. आम्ही ती विचारली नव्हती. ही चूक आमची, पण तिच्यामुळे ओहोटीही पाहता आली.

पायवाटेच्या दोन्ही बाजूंना खारफुटीचे दाट रान. कोकणात त्याला कांदळवनही म्हणतात. खाली काळा चिखल आणि त्या चिखलातून बोट-बोट उंचीच्या शेकडो काड्या वर आलेल्या. धाकटीला वाटले कोणी मुद्दाम खुंट्या ठोकल्या आहेत. ती तिवराच्या झाडाची मुळे. चिखलात हवा नसते, म्हणून ही मुळे जमिनीतून वर डोके काढून श्वास घेतात. कांदळाच्या झाडाची तऱ्हा वेगळी. त्याची मुळे खोडातून फुटून, वाकून खाली येतात, जणू तंबूला ताण दिले आहेत. खारे पाणी पिऊन झाड जगते कसे, हा प्रश्न मुलांच्या आईने विचारला. तिवराच्या पानावर पाहिले तर मिठाचे बारीक कण चमकत होते. झाड मुळाशी बरेचसे मीठ अडवते आणि आत आलेले पानावाटे बाहेर टाकते. पान न तोडता त्यावर बोट फिरवून जिभेला लावले. खरेच खारट! तिथे कोणतेही पान किंवा फूल तोडायचे नाही, हे आम्ही मुलांना आधीच बजावले होते.

चिखलावर बघावे तिकडे हालचाल. एक खेकडा असा, की नराची एक नांगी अंगाएवढी मोठी आणि दुसरी बारकी. मोठी नांगी तो सारखी हलवतो, जणू कोणाला बोलावतो आहे. आणि एक मासा चक्क चिखलावर चालत होता! पुढच्या परांचा हातासारखा उपयोग करून तो सरकतो, उड्या मारतो. कोकणात त्याला निवटी म्हणतात. बाजूला पाण्याच्या कडेने तुतारी आणि चिखल्या हे लहान पक्षी चोच खुपसत फिरत होते. यांतले पुष्कळसे हिवाळ्यापुरते हिमालयापलीकडून येतात. ओहोटीला चिखल उघडा पडतो, किडे-अळ्या सापडतात, म्हणून हीच त्यांची जेवणाची वेळ. भरतीला आलो असतो तर हे दिसले नसते.

धाकटीने एक वही केली होती. तिच्यात तीन रकाने होते. पक्ष्याचे नाव, कुठे दिसला आणि कोणी ओळखला. खंड्या, बगळा, वंचक, पाणकावळा अशी नावे भरत होती. तिसऱ्या रकान्यात कधी "पाटी", कधी "दुर्बीणवाले काका". पुढे मनोऱ्यावर चढलो. तिथून झाडांचा हिरवा शेंडा आणि पलीकडे मांडवीचे पात्र दिसते. डोक्यावर एक घार फिरत होती. अंग विटकरी, डोके पांढरे. दुर्बीणवाले काका म्हणाले, ही ब्राह्मणी घार. माय पायरीवर बसली होती. तिने वर पाहिले आणि विचारले, "घारले बी जात शे का?" काका क्षणभर गप्प झाले, मग सगळेच हसलो. धाकटीने वहीत नुसते "घार, पांढऱ्या डोक्याची" असे लिहिले.

दुपारचे जेवण गाडीजवळ सावलीत केले. कळण्याच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, ठेचा आणि दशम्या. शेगडी पेटवली नाही. इथे एक गोष्ट वाचकांना मुद्दाम सांगतो. गोव्यात पर्यटनाच्या ठिकाणी उघड्यावर स्वयंपाक करायला २०१९ पासून कायद्याने बंदी आहे आणि दंड होतो. आपली कुटुंबे गाडीत स्टोव्ह घेऊन निघतात, म्हणून हे माहीत असावे. टिकणारे अन्न घरून न्यावे आणि कचरा पिशवीत भरून परत आणावा. बेटावर खारफुटीच्या आत खाजण शेती आहे. बांध घालून खारे पाणी बाहेर अडवायचे आणि आत भात पिकवायचा. बांधात लाकडी दारे बसवलेली असतात, त्यांना तिथे मानस म्हणतात. कोरगुट नावाचे भात खारेपण सोसते, ते अशा जमिनीत घेतात. पिढ्यान् पिढ्या कष्टकऱ्यांनी चिखलात उभे राहून हे बांध घातले आणि राखले. बांधाबाहेरची खारफुटी लाटांचा मार आपल्या अंगावर घेते. तिच्या मुळांत मासे आणि कोळंबीची पिल्ले वाढतात. म्हणजे हे रान पक्ष्यांचे आहे तसेच शेतकऱ्याचे आणि मासे मारणाऱ्याचेही आहे.

भरती चढली आणि होडीवाल्याने हाक दिली. सकाळी जिथे चिखल होता तिथे आता पाणी होते. श्वास घेणाऱ्या त्या काड्या बुडून गेल्या होत्या. दोन्ही बाजूंच्या फांद्या डोक्यावर एकमेकींना मिळालेल्या, खाली हिरवे पाणी आणि वल्ह्याचा आवाज. मुलाने हात पाण्यात घातला तसा होडीवाला म्हणाला, "उदकांत हात घालूं नाका." मग त्याने एका फांदीकडे बोट दाखवले. कांदळाच्या फांद्यांना शेंगांसारखे लांब हिरवे काही लोंबत होते. ती शेंग नव्हे, रोप. कांदळाचे बी झाडावर असतानाच रुजते. कोंब वीतभर किंवा त्याहून लांब होईपर्यंत आईच्या अंगावर वाढतो. मग गळून खाली चिखलात रुततो, नाही तर पाण्यावर तरंगत जाऊन दुसरीकडे पाय रोवतो. सुटे बी या पाण्यात वाहून जाईल, खाऱ्या चिखलात मरेल, म्हणून झाडाने ही युक्ती केली आहे.

हे सगळे आम्ही मायला समजावून सांगितले. ती त्या लोंबणाऱ्या कोंबांकडे बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "मायना आंगवरच वाढस, मंग चिखलमा पडस न् उभं ऱ्हास." मग तिने आमच्याकडे पाहिले. कोपरगावच्या पुढचा तो ऊस आम्हांला आठवला. बाळंतपणानंतर कितव्या दिवशी ती पुन्हा फडात उभी राहिली होती, हे आम्ही आजवर तिला विचारले नव्हते. त्या होडीत विचारले. ती म्हणाली, "पाचव्या." एवढेच बोलली. पुढे होडीत कोणी फारसे बोलले नाही.

संध्याकाळच्या बोटीने परतलो. रात्री गाडीत निजताना मुलांच्या आईने मायच्या पायांना तेल लावले. माय नको नको म्हणत होती, पण पाय मागे घेतले नाहीत.

आता तिच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर. घरी आल्यावर मोठ्याने वनखात्याच्या माहितीतून आकडे काढले. चोडणचे अभयारण्य १७८ हेक्टर. आपल्या जळगाव जिल्ह्यातले यावल अभयारण्य, पालच्या बाजूचे, १९६९ साली घोषित झालेले, ते सुमारे १७८ चौरस किलोमीटर. म्हणजे शंभरपट! धुळे जिल्ह्यात शिरपूर तालुक्यात अनेर धरणाचे अभयारण्य आहे, तेही त्र्याऐंशी चौरस किलोमीटरच्या घरात. आमच्या चाळीसगावला लागून पाटणा आणि गौताळ्याचे रान आहे, त्यातच पितळखोऱ्याची बौद्ध लेणी. लेण्यांना आम्ही गेलो होतो, पण लेणी पाहून परतलो. वाटेवरच्या झाडांत काय होते ते कोणी पाहिले नाही. आठशे किलोमीटर जाऊन जे शिकलो ते एवढेच, की कुठेही गेले तरी थांबावे, गप्प बसावे आणि बघावे.

म्हणून डिसेंबरातल्या एका रविवारी भुसावळला बहिणीकडे गेलो असताना सगळ्यांना घेऊन हतनूरला गेलो. तापी आणि पूर्णेच्या संगमाखाली तापीवर हे धरण आहे. हिवाळ्यात त्याच्या पाण्यावर परदेशातून बदके उतरतात. चक्रवाक, थापट्या आणि काळेभोर वारकरी यांचे थवेच्या थवे होते. तिकीट नाही, फाटक नाही. माय काठावर उतरली, इकडेतिकडे पाहिले आणि ओरडली, "हाई तर मन्हा माहेरनी वाट शे!" लहानपणी ती या बाजूला शेळ्या चारायला येत होती.

मग त्या दिवशी वहीचे काम उलटे झाले. टिटवी ओरडली, मायने सांगितले. तिने अंडी उंचावर घातली की पाऊस जास्त, असे जुनी माणसे म्हणत, तेही सांगितले. बाभळीतून तांबड्या पंखांचा पक्षी चालत गेला, ती म्हणाली कुंभारकावळा. पुस्तकात तो भारद्वाज. ढोकरी कोणत्या झाडावर निजते, पाणकोंबडी पिल्ले कुठे लपवते, सगळे तिला ठाऊक. साठ वर्षे कोणी विचारले नव्हते म्हणून सांगितले नव्हते.

वाचकहो, चोडणला जमले तर जरूर जा. ऑक्टोबर ते मार्च हा काळ चांगला. भरती-ओहोटीची वेळ विचारा, भडक कपडे नकोत, पाणी बरोबर ठेवा. नाहीच जमले तर खंत करू नका. एखाद्या रविवारी भाकरी बांधून हतनूरला जा, पालला जा, अनेरला जा, गावच्या पाझर तलावावर जा. एक वही न्या आणि घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला पुढे बसवा.

आमच्या धाकटीच्या वहीत हतनूरच्या पानावर सोळा नावे आहेत. तिसऱ्या रकान्यात, कोणी ओळखला या मथळ्याखाली, त्यांतल्या अकरांपुढे एकच शब्द लिहिला आहे: आजी.